शनिवारवाडा, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी: एका दुपारचा घटनाक्रम

२८५ दिवस आधी

बुधवार, १८ नोव्हेंबर १७७२. थेऊरला गणपतीच्या आवारात माधवराव पेशवे क्षयानं गेले. वय सत्तावीस. जाण्यापूर्वी त्यांनी चुलत्याला, म्हणजे रघुनाथरावांना, बोलावून धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, हात त्यांच्या हाती दिला. पानिपतानंतर सावरलेल्या दौलतीचं पुढं काय, या प्रश्नाला त्या घडीला एवढंच उत्तर होतं: मरणाऱ्या माणसानं मागितलेला शब्द आणि जिवंत माणसानं दिलेला शब्द.

दौलतीला दुसरा आधार काय होता? कागदावर अष्टप्रधान होते. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी त्यांना कायमचं रूप दिलं. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. खाती नीट वाटलेली, पण सगळे राजाचे नोकर. नेमायचा राजानं, काढायचाही राजानं. राजाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क त्यांच्यापैकी कुणाला नव्हता. सल्ला देता येई, तो मानायचा की नाही हे राजा ठरवी. पुढं ही पदं वंशपरंपरेनं चालू लागली, पेशवा इतर सातांपेक्षा मोठा झाला आणि १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर छत्रपती साताऱ्यात नावापुरते उरले. १७७२ पर्यंत अष्टप्रधान हा सणावाराला काढायचा दागिना झाला होता.

तुलनेसाठी इंग्लंड बघा. तिथलं पार्लमेंटही मुळात राजाच्याच कामासाठी होतं. राजाला पैसा लागला की तो बोलावणार, काम झालं की घरी पाठवणार. फरक एवढाच की नवा कर पार्लमेंटच्या संमतीशिवाय बसत नसे. पहिल्या चार्ल्सनं १६२९ पासून अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही आणि तोवर त्याचं निभावलंही. स्कॉटलंडाशी लढाई निघाली, तिजोरी आटली, तेव्हा त्याला परत त्याच दाराशी यावं लागलं. आपल्याकडे पेशव्याला पैसा लागला की तो सावकाराकडे जाई. सावकार व्याज मागतो. कारभारात वाटा मागत नाही.

डिसेंबरात साताऱ्याहून नारायणरावांना पेशवाईची वस्त्रं आली. वय सतरा.

साडेचार महिने आधी

एप्रिल १७७३. रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत. राहायला महाल, पूजेला देवघर, दाराशी पहारा. ज्यांच्या शब्दावर थेऊरला सगळं सोपवलं होतं, त्यांना पाच महिन्यांच्या आत कुलपात ठेवावं लागलं. सुटण्याचा त्यांचा प्रयत्न फसल्यावर पहारा आणखी कडक झाला.

नारायणराव तापट होते, उतावळे होते, माणसं दुखावत. पुण्यातले प्रभू लोक त्यांच्यावर नाराज होते. जुने कारभारी सखारामबापू बोकील अंतर राखून वागत. हे सगळं खरं, पण मला त्यात फारसं नवल वाटत नाही. अठराव्या वर्षी मुलगा उतावळा असायचाच. त्याच्या उतावळेपणाला बांध घालायचं काम ज्याच्याकडे आहे, असं एकही ठिकाण नव्हतं हे अधिक लक्षात घ्यावं असं आहे.

उन्हाळ्यापासून, पुण्यापासून दूर

इथं थोडं पूर्वेला जायला हवं, कारण कटाचा एक धागा नागपूरकडून येतो. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं भीमपूर हे पैनगंगेकाठच्या मुलखातलं. नदीपलीकडे यवतमाळ. टिपेश्वरच्या अभयारण्यातले वाघ आजही नदी ओलांडून भीमपूरच्या शिवारात येतात; राज्याची सीमा त्यांच्या खिजगणतीत नाही. १७७३ मध्ये वसुलीचंही तसंच होतं. वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा दुहेरी अंमल. रयतेच्या दारात दोन धनी उभे. त्याच्या पूर्वेला चांद्याचं गोंड राज्य. तेही १७५१ मध्ये भोसल्यांच्या घशात गेलेलं. नागपूरच्या गादीवर कोण बसतं याचे हिशेब या पट्ट्यातल्या खळ्यापर्यंत येत.

आणि नागपूरची गादी तेव्हाच वादात होती. जानोजी भोसले मे १७७२ मध्ये गेले. भाऊ मुधोजी याचा मुलगा रघुजी याला त्यांनी दत्तक घेतलेलं. पण दुसरा भाऊ साबाजी हक्क सांगत होता आणि जानोजींची बायको दर्याबाई त्याच्या बाजूला. नारायणरावांनी साबाजीचा पक्ष उचलला. त्याबरोबर मुधोजीचे पुण्यातले वकील, व्यंकटराव काशी आणि लक्ष्मण काशी गुप्ते, कैदेतल्या रघुनाथरावांकडे वळले. वारसाचा निवाडा करणारी सभा असती तर वकिलांनी तिच्यापुढं कागद मांडले असते, आरडाओरडा केला असता. ती नव्हती. म्हणून ते पहाऱ्यातून वाट काढत काकांपर्यंत पोचले.

सात तास आधी

सोमवार, ३० ऑगस्ट १७७३, सकाळ. गणेशोत्सवाचे दिवस. दुसऱ्या दिवशी अनंतचतुर्दशी, म्हणजे वाड्यात भटजी, आचारी, मानकरी, वाढपी यांची ये-जा. सणाच्या दिवसांत दाराशी कुणाला फारसं अडवत नाहीत.

शहरात गारद्यांची कुजबुज सुरू होती. गारदी म्हणजे कवायती पायदळ. उत्तरेतले हिंदू, मुसलमान, हाताशी बंदूक, निष्ठा पगाराशी. त्यांचा पगार थकला होता. वाड्याच्या चौक्या त्यांच्याच हाती होत्या. सुमेरसिंग, महंमद इसाफ आणि काकांच्या पहाऱ्यावरचा खरकसिंग हे त्यांचे म्होरके.

इंग्लंडात १६८९ पासून कायदाच होता की शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजानं सैन्य बाळगायचं नाही. सैन्याच्या शिस्तीचा कायदाही दर वर्षी नव्यानं संमत करून घ्यावा लागे. शिपाई राजाचा असला तरी त्याच्या पगाराची दोरी दुसऱ्याच्या हातात. वाड्यातल्या गारद्याचा पगार मात्र फडावरचा कोणी तरी देणार किंवा थकवणार. आणि थकवला तर जो देईन म्हणेल त्याच्यामागं तो जाणार. कैदेतल्या काकांनी देईन म्हटलं.

चार ते पाच तास आधी

नारायणराव हरिपंत फडक्यांना घेऊन रघुजी आंग्र्यांच्या भेटीला गेले. आंग्रे कुलाब्याहून पुण्यात आलेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की काही तरी शिजतंय, जिवाला जपा.

म्हणजे बातमी फुटली होती. पेशव्याच्या कानावर आली होती आणि ती सरदाराच्या तोंडून आली होती, बाजारगप्पा म्हणून नव्हे.

अशीच एक बातमी ४ जानेवारी १६४२ ला लंडनमध्ये फुटली होती. चार्ल्स राजा सुमारे चारशे हत्यारबंद माणसं घेऊन पाच सभासदांना पकडायला खुद्द सभागृहात निघाला होता. तो पोचला तेव्हा पाच जण नावेतून शहरात निसटले होते. राजानं अध्यक्षाच्या खुर्चीपाशी उभं राहून ते कुठं आहेत असं विचारलं. अध्यक्ष लेंथॉल गुडघे टेकून अदबीनं म्हणाला की सभागृहाच्या आज्ञेशिवाय मला डोळेही नाहीत आणि जीभही नाही. लेंथॉल काही फार शूर माणूस म्हणून प्रसिद्ध नव्हता. पण तो ज्या खुर्चीत बसे तिला मोल होतं. राजा रिकाम्या हातानं परतला आणि आठवड्याच्या आत त्याला लंडन सोडावं लागलं. बातमी एका माणसाला नव्हे, एका सभेला मिळाली होती. आणि सभेच्या पाठीशी सगळं शहर होतं.

तीन तास आधी

वाड्यात परतल्यावर नारायणरावांनी हरिपंतांना गारद्यांचा बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांनी होकार दिला. मग ते एका परिचिताकडे जेवायला गेले.

हरिपंत तात्या हलगर्जी नव्हते, पुढं ते मराठ्यांचे मोठे सेनानी झाले. पण बंदोबस्त म्हणजे नेमकं काय करायचं? गारदी कोणाच्या हुकमतीत? चौकी बदलायचा अधिकार कोणाचा? म्होरक्यांना बोलावून घ्यायचं तर कोणाच्या सहीनं? हे एका वाक्यात ठरलेलं नव्हतं. एक तोंडी हुकूम एका माणसाला मिळाला आणि त्या माणसाची जेवणाची वेळ झाली.

इथं एक बारीक गोष्ट बघा. वाड्याच्या पूर्वेला भिंत काही दिवसांपूर्वी पाडली होती. काकांच्या महालाला वेगळी ये-जा असावी म्हणून तिथं नवं दार काढायचं होतं, आणि ते अजून पुरं झालेलं नव्हतं. दिल्ली दरवाजाला जाडजूड फळ्या, बाहेर हत्तींना रोखणारे खिळे. इकडे अर्धवट बांधकाम आणि एक मोकळी वाट. दार काढण्याचा खटाटोप काकांना सुखानं कैदेत ठेवण्यासाठीच होता.

दुपारी एकच्या सुमारास

नारायणराव जेवून पडले होते. गलका झाला. गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत आत घुसले होते, आणि ते दिल्ली दरवाजानं नाही, तर त्या अर्धवट वाटेनं. खरकसिंगानं आतून हात दिला. अडवायला गेले त्यांना कापलं. इच्छारामपंत ढेरे पडले. गोठ्याजवळ एक गायही मारली गेली.

तरुण पेशवा पळाला. बखरी सांगतात की तो आधी पार्वतीबाईंकडे, म्हणजे पानिपतात हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या बायकोकडे, गेला आणि तिथून काकांच्या महालाकडे. बातमी मिळालेल्या राज्यकर्त्याला जायला वाड्यात एकच ठिकाण उरलं होतं: ज्याच्यापासून धोका होता त्याचीच मांडी.

त्यानं काकांना मिठी घातली. पुण्यात पोरासोरांना ठाऊक असलेली हाक मी इथं लिहीत नाही. काकांनी सुमेरसिंगाला थोपवायचा प्रयत्न केल्याचं वर्णन आहे. इथवर येऊन मी स्वतःचा नाश करून घेणार नाही, बाजूला व्हा, नाही तर तुम्हीही जाल, अशा अर्थाचं सुमेरसिंगानं बजावलं. काका सुटून गच्चीवर गेले. त्यांच्या मागं जाऊ पाहणाऱ्या नारायणरावांना तुळाजी पवारानं पायाला धरून ओढलं. तेवढ्यात चापाजी टिळेकर धावत आला. वाड्यातला खिदमतगार, हातात शस्त्र नाही. मालकानं त्याच्या गळ्याला मिठी मारली. सुमेरसिंग आणि तुळाजी यांच्या तलवारी दोघांवर पडल्या.

अठरा वर्षं पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते.

अर्ध्या तासानंतर

गोंधळ थांबला. एकूण अकरा माणसं गेली होती: नारायणरावांसह सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर, दोन दासी. वाड्याचे दरवाजे गारद्यांच्या ताब्यात.

दुपार ते संध्याकाळ

इथपासून गोष्ट बदलते आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

कारभारी कोतवाल चावडीत जमू लागले. सखारामबापू आले. त्र्यंबकराव मामा पेठे आले, नाना फडणीस आले, मोरोबा फडणीस आले, जेवण टाकून हरिपंत आले. बापूंना कटाची आधीच कुणकुण होती असा संशय तेव्हाही होता आणि तो पुढंही पुरता पुसला गेला नाही. पण त्या दुपारी त्यांनी लोकांना घरी जायला सांगितलं, कुणाला धक्का लागणार नाही असं आश्वासन दिलं आणि आत चिठ्ठी धाडली. उत्तर आलं: पुतण्याला गारद्यांनी मारलं. बजाबा पुरंदरे आणि मालोजी घोरपडे वाड्यात जाऊन आले. हरिपंतांनी उघड सांगितलं की मारेकरी रघुनाथराव आहेत, आणि ते स्वतः बारामतीच्या वाटेला लागले.

चावडीतल्या या लोकांना एकत्र बसायचा हक्क कुणी दिला नव्हता. सभासदांची यादी नव्हती, कोरम नव्हता, अध्यक्ष नव्हता. पेशवा मेलेला, त्याचा मारेकरी वाड्यात, आणि शहराच्या पोलिस चौकीत काही जाणते मसलत करत बसलेले. आपल्याकडे त्या दिवशी पार्लमेंटला सगळ्यांत जवळची गोष्ट कोतवाल चावडी होती.

रात्री

मध्यरात्रीच्या आत त्र्यंबकराव मामांच्या देखरेखीखाली मुठेकाठी अंत्यसंस्कार झाले.

पुढचे सहा आठवडे

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. एका हुकमात कुणी तरी एक अक्षर फिरवून ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही कथा महाराष्ट्र अजून सांगतो, मला तिच्यापेक्षा शास्त्रीबुवांच्या कामाचा आवाका मोठा वाटतो. सुमारे पन्नास लोकांवर ठपका आला. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारलं तेव्हा शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि ते पुणं सोडून वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले.

न्यायाधीश हा अष्टप्रधानांतला एक होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या यंत्रणेतला एक भाग अजून जिवंत होता. निकाल लागला. तो बजावायला मात्र कोणी नव्हतं.

उलट ऑक्टोबरात रघुनाथरावांना आळेगावच्या मुक्कामी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली. छत्रपती रामराजा नाही म्हणू शकत नव्हते. ज्याच्या सहीशिवाय पेशवा होता येत नाही, त्याच्या सहीला नकार देण्याचं स्वातंत्र्य नव्हतं.

साडेचार महिन्यांनंतर

नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. १७ जानेवारी १७७४ ला कारभाऱ्यांनी तिला पुरंदर किल्ल्यावर नेलं आणि तिच्या नावानं कारभार सुरू केला. सखारामबापू, नाना, हरिपंत, त्र्यंबकराव मामा, मोरोबा, बाबूजी नाईक, पटवर्धन, रास्ते अशी ही मंडळी. लोकांनी त्यांना बारभाई म्हटलं.

त्यांच्याजवळ कसलीच सनद नव्हती. नाव होतं तेही अजून जन्माला न आलेल्या बाळाचं, आणि ते मुलगा की मुलगी हे ठाऊक नसताना. हसू येईल, पण १६४२ मध्ये इंग्लंडातल्या पार्लमेंटनं राजाविरुद्ध सैन्य उभं केलं तेही राजाच्याच नावानं. राजाच्या देहाविरुद्ध राजाच्या पदाचं नाव. पुरंदरावर तर देहच अजून व्हायचा होता.

काम मात्र खरं झालं. रघुनाथराव कर्नाटकच्या स्वारीवर होते. त्यांच्या सैन्यातले सरदार एकामागून एक गळू लागले. निजामअली आणि साबाजी भोसले बारभाईंना मिळाले. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर हक्क सांगणारे दोन धनी, निदान तेवढ्यापुरते, एकाच बाजूला आले. २६ मार्चला पंढरपूरजवळ कासेगावच्या लढाईत त्र्यंबकराव मामा पडले. १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा झाला, बापाच्या खुनानंतर साडेसात महिन्यांनी. २८ मे ला, चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना साताऱ्याहून वस्त्रं आली. दीड वर्षात तीन पेशव्यांना वस्त्रं: आधी पुतण्या, मग त्याच्या खुनाचा ठपका असलेला चुलता, मग पाळण्यातलं मूल. देणारा हात तोच.

दीड ते अडीच वर्षांनंतर

२६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळ पाचगावला साबाजी मुधोजीशी लढताना मारला गेला. ज्या वादानं गुप्ते वकील काकांकडे वळले होते, तो तलवारीनं सुटला.

मार्चमध्ये रघुनाथरावांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि साष्टी-वसई देऊन त्यांची फौज मागितली. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध इथून पेटलं. आता एक विलक्षण गोष्ट. नारायणराव मारले गेले त्याच १७७३ सालात लंडनच्या पार्लमेंटनं ईस्ट इंडिया कंपनीला वेसण घालणारा नियमन कायदा केला होता. त्यानं कलकत्त्याला गव्हर्नर जनरल आणि चौघांचं मंडळ नेमलं आणि लढाई-तहाच्या बाबतीत मुंबईला त्यांच्या संमतीनं बांधलं. त्या जोरावर कलकत्त्यानं सुरतेचा तह झिडकारला आणि कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडलं. १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला तो बारभाईंशी. ज्या मंडळाला साताऱ्याची सनद नव्हती, त्याला समुद्रापलीकडच्या पार्लमेंटनं नेमलेल्या दुसऱ्या मंडळानं मान्यता दिली. अर्थात मुंबईकरांनी तो तह पाळला नाही. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं आणि रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावला वारले.

पाच वर्षांनंतर

बारभाईंची बैठक संस्था झाली नाही. नवा सभासद कसा घ्यायचा, मतभेद झाले तर काय, काम संपलं की सत्ता कोणाकडे द्यायची, यातलं काही कागदावर आलं नाही. मोरोबांनी १७७८ मध्ये उलट डाव टाकला, तो फसला आणि ते कैदेत गेले. १७७९ मध्ये नानांनी सखारामबापूंना कैद केलं. कोतवाल चावडीत लोकांना घरी जायला सांगणारे बापू किल्ल्याकिल्ल्यांवर फिरवले गेले आणि १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच वारले. पुण्यातला कारभार आता नानांच्या एकट्याच्या हाती होता. पेशवा सात वर्षांचा होता.